टॉवर क्रेनची उचलयंत्रणा: वर नेणं, थांबवणं आणि टेकवणं

मुंबईत वरळी-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी, पुण्यात बाणेर-हिंजवडीकडे, ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, कुठेही मान वर केली की टॉवर क्रेन दिसते. नजर जाते ती तिच्या उंचीकडे आणि आडव्या लांब हाताकडे. साइटवर क्रेन भाड्याने घेतानाही चौकशी होते ती बहुधा दोनच आकड्यांची: किती टन उचलते आणि जिब, म्हणजे तो आडवा हात, किती मीटरची. मागच्या हातावर, काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांजवळ, एक मोटर, एक गिअरबॉक्स, ब्रेक आणि दोर गुंडाळलेला ड्रम असा संच बसवलेला असतो. साइटवर त्याला ‘होइस्ट’ किंवा ‘विंच’ म्हणतात. क्रेनचं सगळं काम त्याच्यावर चालतं, पण त्याची विचारपूस होते ती तो बंद पडल्यावर.

जड वस्तू वर नेण्याचा प्रश्न माणसाने कित्येक शतकांपूर्वी सोडवला. अवघड राहिलं ते पुढचं काम. वस्तू हवेत हव्या त्या ठिकाणी थांबवायची, माणसांच्या हातापाशी अलगद टेकवायची आणि वीज गेली तरी सोडायची नाही. गेल्या शंभर वर्षांत होइस्टमध्ये जी सुधारणा झाली ती मुख्यतः याच कामात झाली. आपल्याकडे हयगय होते तीही इथेच.

या प्रश्नाची जाण किती जुनी आहे याचा उत्तम पुरावा फ्लॉरेन्समध्ये सापडतो. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात बांधला गेला. फिलिपो ब्रुनेलेस्कीने त्यासाठी बैलांवर चालणारं एक उचलयंत्र तयार केलं. आपल्याकडची मोट आठवा. धावेवरून बैल खाली उतरले की मोट वर येते आणि ती परत सोडायची तर बैलांना मागे सरत यावं लागतं. ब्रुनेलेस्कीच्या यंत्रात बैल एकाच दिशेने गोल फिरत राहत. खालच्या उभ्या दांड्यावरचं दातेरी चाक वर-खाली सरकवलं की ड्रम उलटा फिरू लागे, म्हणजे बैल न सोडता, न वळवता भार उतरवता येई. शिवाय ड्रमचे व्यास वेगवेगळे असल्यामुळे जड दगडाला मंद आणि हलक्या मालाला जलद असे निरनिराळे वेग मिळत. पुढे लिओनार्दो दा विंचीने या यंत्रांची रेखाटनं करून ठेवली. उलटी दिशा आणि भाराप्रमाणे वेग या दोन मागण्या आजच्या होइस्टच्याही आहेत. सहाशे वर्षांपूर्वी त्या इतक्या नेमक्या ओळखल्या गेल्या होत्या.

बैलांच्या जागी वाफ आली, मग वीज आली. पण त्याआधी बदलावा लागला तो दोर. तागाचा दोर कुजायचा आणि लोखंडी साखळी काहीही पूर्वसूचना न देता एका कडीत तुटायची. जर्मनीतल्या हार्त्झ डोंगराळ भागात क्लाउसथालच्या खाणींवर अधिकारी असलेल्या विल्हेल्म आल्बर्टने १८३४ मध्ये तारा पिळून केलेला दोर वापरात आणला. तीन पदर आणि प्रत्येक पदरात चार तारा, इतकी साधी त्याची रचना होती. तारेच्या दोराचा मोठा गुण म्हणजे तो एकदम तुटत नाही. आधी एखादी बाहेरची तार तुटते, मग दुसरी, आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो. अर्थात पाहणारा हवा.

इमारतीच्या कामावरची टॉवर क्रेन जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागली. हायलब्रोनची युलियस वोल्फ कंपनी त्यातली एक अग्रणी. फ्रान्समध्ये ला क्लेएत गावात फोस्तां पोतां याने १९२८ मध्ये कारखाना काढला आणि ‘पोटेन’ हे नाव पुढे जगभरच्या साइटवर पोचलं. दुसऱ्या महायुद्धाने जर्मनीची शहरं जमीनदोस्त केली. ती पुन्हा उभी करताना, १९४९ मध्ये, किर्शडॉर्फच्या हान्स लीबहेरने सुटे भाग करून सहज नेता येईल आणि जागेवर चटकन उभी करता येईल अशी टॉवर क्रेन बनवली. आज आपल्याला ओळखीची असलेली बांधकामाची क्रेन खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध आहे. पुण्याच्या शिर्के उद्योगसमूहाने १९८२ पासून पोटेनशी करार करून टॉवर क्रेन भारतात बनवायला घेतल्या. २००७ मध्ये पोटेनची मालक असलेल्या अमेरिकेच्या मॅनिटोवॉक कंपनीने शिर्क्यांचा हा क्रेन व्यवसाय विकत घेतला. देशातल्या कित्येक साइटवर वर्षानुवर्षं चाललेल्या क्रेन आणि त्यांचे होइस्ट पुण्यात तयार झालेले आहेत. ज्या राज्यात ही यंत्रं बनली त्या राज्यात त्यांच्याविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. हिशोब अवघड नाही. चार टनांचा भार मिनिटाला चाळीस मीटर वेगाने वर न्यायचा तर सुमारे २६ किलोवॉट शक्ती लागते. गिअरबॉक्स आणि कप्प्यांमध्ये होणारा तोटा धरला की मोटर ३१ ते ३७ किलोवॉटची, म्हणजे पन्नास अश्वशक्तीपर्यंतची घ्यावी लागते. त्याच मोटरने आठ टन उचलायचे असतील तर वेग निम्मा होतो. शक्ती ठरली की भार आणि वेग यांचा गुणाकार ठरला, त्यातून सुटका नाही. म्हणून ‘आठ टनांची क्रेन’ या शब्दांना तशी अपुरीच माहिती म्हणावी लागेल. आठ टन कुठल्या वेगाने, हे होइस्टची मोटर सांगते आणि स्लॅब किती तासांत पडेल ते या वेगावर ठरतं.

भार दुप्पट करण्याची युक्ती हूकपाशी असते. दोर हूकच्या कप्पीतून एकदा फिरवला तर भार दोन पदरांवर लोंबतो. त्याला दोन फॉल म्हणतात. जिबवर सरकणारी ट्रॉली आणि हूक-ब्लॉक यांमध्ये आणखी कप्प्या जोडून चार पदर केले की तोच दोर आणि तीच मोटर दुप्पट वजन अर्ध्या वेगाने उचलते. आता ही किंमत बघा. ड्रमवर साडेपाचशे मीटर दोर मावतो असं धरू. त्यातला सत्तर मीटरच्या आसपास जिबवर आणि ड्रमवरच्या राखीव फेऱ्यांत जातो. उरलेल्या ४८० मीटरने चार फॉलवर हूक १२० मीटरपर्यंत पोचतो आणि दोन फॉलवर २४० मीटरपर्यंत. १२० मीटर म्हणजे तीन मीटरच्या मजल्याने चाळीस मजले. चाळिसाव्या मजल्याच्या वर आठ टनांची क्रेन चार टनांची होते. साठ मजल्यांचं काम घेतलेल्या ठेकेदाराने हा हिशोब आधी केला नसेल तर इमारत वर गेल्यावर जड शटरिंग किंवा यंत्रसामग्री चढवताना काम अडतं आणि मग नको ते उपाय सुचू लागतात.

दोराचं स्वतःचं वजनही उंचीबरोबर वाढतं. १६ मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला साधारण एक किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. हूक दोनशे मीटर खाली गेला की दोन फॉलवर चारशे मीटर, म्हणजे साडेचारशे किलोच्या पुढे नुसता दोर लटकत असतो. जिबच्या टोकाला ज्या क्रेनची क्षमता दीड टन आहे तिच्यासाठी हे वजन मामुली नव्हे.

होइस्टच्या मोटरचा इतिहास म्हणजे वेग काबूत आणण्याचा इतिहास. जुनी आणि अजूनही भरपूर चालणारी पद्धत ध्रुव बदलणाऱ्या मोटरची. एकाच मोटरमध्ये चार, आठ आणि बत्तीस ध्रुवांची वेटोळी असतात. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती अनुक्रमे मिनिटाला १५००, ७५० आणि १८७ फेऱ्यांच्या आसपास फिरते. ऑपरेटरच्या हातात तीन वेग येतात आणि मधलं काही नाही. वेग बदलताना भाराला झटका बसतो. १५०० वरून ७५० वर येताना मोटर स्वतःच ब्रेकसारखी वागते, जिब वाकून पुन्हा उसळते आणि तो धक्का टॉवरच्या पायथ्यापर्यंत जातो. ही मोटर सरळ चालू केली तर सुरुवातीला नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. जनरेटरवर चालणाऱ्या साइटला म्हणून नुसत्या या क्षणासाठी मोठा डीजी सेट ठेवावा लागतो.

दुसरी पद्धत स्लिप-रिंग मोटरची. रोटरच्या मंडलात रोधक जोडायचे आणि एकेक करून काढत वेग वाढवायचा. सुरुवात मऊ होते, पण वेग भारावर अवलंबून राहतो. रिकामा हूक पळतो, भरलेला रेंगाळतो, आणि जड भार उतरवताना वेग आवरायला एडी करंट ब्रेक लावावा लागतो. ऑपरेटरला प्रत्येक भाराचा स्वभाव हाताने शिकावा लागे. या यंत्रावर तयार झालेले जुने ऑपरेटर विलक्षण कसबी होते यात शंका नाही.

मग व्हीएफडी आला, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची वारंवारिता हवी तशी बदलणारा ड्राइव्ह. माझ्या मते दोर तारेचा झाला त्यानंतरची ही होइस्टमधली सर्वांत मोठी सुधारणा. वेग शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत सलग मिळतो. भार हलका असेल तर ड्राइव्ह मोटरला पन्नास हर्ट्झच्या पुढे नेतो. मोटरचा जोर तिथे कमी होतो, पण रिकाम्या हूकला जोर कशाला हवा? रिकामी बकेट झपाट्याने खाली येते आणि उंच इमारतीवर दर फेरीत मिनिटभर तरी वाचतो. सुरुवातीचा प्रवाह आटोक्यात राहतो म्हणून डीजी सेट लहान चालतो.

पण मला ड्राइव्हचं खरं मोल दिसतं ते भार टेकवताना. प्रीकास्ट भिंतीचा पॅनेल खालून वर आलेला आहे. दोन खलाशी त्याच्या दोन कडांना हात लावून उभे आहेत आणि खाली स्लॅबमधून वर आलेल्या सळया पॅनेलच्या भोकांत जायच्या आहेत. सिग्नलमन वॉकीटॉकीवर ‘स्लो, स्लो, अजून, बस’ म्हणतो आहे. इथे मिनिटाला एक-दोन मीटर इतका मंद वेग हवा आणि ‘बस’ म्हटल्यावर पॅनेल तिथेच राहायला हवा. तीन वेगांच्या मोटरवर हेच काम बटण दाबत-सोडत, धक्क्याधक्क्याने करावं लागतं. खलाशाची बोटं पॅनेल आणि स्लॅबच्या मध्ये असतात. त्या बोटांच्या बाजूने विचार केला तर ड्राइव्हवर होणारा जादा खर्च फार वाटत नाही.

उतरणाऱ्या भाराची ऊर्जा कुठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दोन टन सेकंदाला एक मीटर वेगाने उतरत असतील तर सुमारे वीस किलोवॉट शक्ती सतत मुक्त होत असते. उतरताना मोटर जनित्र बनते आणि ही शक्ती ड्राइव्हकडे परत पाठवते. बहुतेक क्रेनवर ती रोधकांच्या पेटीत उष्णता होऊन जाते. म्हणून ती पेटी मोकळ्या हवेत, झाळ लागू नये अशी बसवलेली असते. ही वीज पुन्हा जाळ्यात सोडणारे ड्राइव्ह उपलब्ध आहेत, पण साइटच्या तात्पुरत्या जोडणीवर आणि डीजी सेटवर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

ड्राइव्हला आपल्या हवेचा त्रास होतो हेही सांगायला हवं. सिमेंटची धूळ, उन्हाळ्यात तापलेलं विजेचं पॅनेल, कोकणपट्टीतला चार महिन्यांचा दमटपणा आणि वर-खाली होणारा वीजदाब ही इलेक्ट्रॉनिक पाट्यांची चार दुखणी. पॅनेलचं दार नीट बंद न होणं एवढ्या कारणानेही पावसाळ्यात क्रेन दिवसचे दिवस उभी राहते. जुनी कॉन्टॅक्टरची पद्धत साइटवरचा इलेक्ट्रिशियन दुरुस्त करी. ड्राइव्हला कंपनीचा माणूस लागतो. खेड्यापाड्यातल्या धरणाच्या किंवा पुलाच्या कामावर अजूनही तीन वेगांची मोटर पसंत करणारे अभियंते आहेत. ते मागासलेले आहेत असं मी म्हणणार नाही.

ब्रेककडे येताना थोडं थांबायला हवं. होइस्टचा ब्रेक नेहमी लागलेलाच असतो. जोरकस स्प्रिंग त्याला दाबून धरतात आणि वीज आली तरच विद्युतचुंबक किंवा थ्रस्टर तो उघडतो. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. तत्त्व अगदी निर्दोष आहे. पण भार चालता असताना तो एकदम बसला तर काय होतं? दोन टन सेकंदाला एक मीटर वेगाने उतरत आहेत आणि ब्रेकने त्यांना सेकंदाच्या पाचव्या भागात थांबवलं, तर त्या क्षणी दोराला तीन टनांच्या बरोबरीचा ताण बसतो. जिबच्या टोकाला आधीच पूर्ण क्षमतेचा भार असेल तर हा दीडपट झटका सगळ्या सांगाड्याला सोसावा लागतो. चांगल्या ड्राइव्हमध्ये म्हणून आधी मोटर भार शून्य वेगावर आणून धरते आणि मगच ब्रेक बसतो. चालू करतानाही आधी मोटर भार पेलते, तसा तिने पेलल्याची खात्री ड्राइव्ह करून घेतो आणि नंतर ब्रेक उघडतो. भार क्षणभरही खाली घसरत नाही.

या सुधारणेत एक धोका दडलेला आहे. जुन्या होइस्टवर ब्रेक रोज शेकडो वेळा झिजायचा, म्हणून त्याचे लायनर नियमाने तपासले जायचे. ड्राइव्ह असलेल्या होइस्टवर ब्रेक नुसता धरून ठेवण्याचं काम करतो. तो झिजत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. लायनर गुळगुळीत होतात, पावसाळ्यात चकतीवर गंज चढतो, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपतं. मग ज्या दिवशी ड्राइव्ह बिघडतो किंवा वीज जाते, त्या दिवशी याच ब्रेकला चालता भार पकडायचा असतो. उपाय साधा आहे. ठरावीक मुदतीने पूर्ण भार थोडा वर घेऊन ब्रेकची परीक्षा घ्यायची आणि निकाल तारखेसह लिहून ठेवायचा. आणखी एक गोष्ट. मोटरच्या बाजूला बसवलेला ब्रेक गिअरबॉक्समधून ड्रमला धरतो. मधला शाफ्ट किंवा दात तुटला तर त्या ब्रेकचा काही उपयोग नाही. मोठ्या होइस्टवर म्हणून थेट ड्रमच्या कडेला पकडणारा दुसरा ब्रेक देतात. ज्या भाराखालून माणसांची ये-जा टाळता येत नाही तिथे हा दुसरा ब्रेक मागून घ्यायला हवा.

दोर हा होइस्टमधला सर्वांत लवकर झिजणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा भाग. टॉवर क्रेनला साधा दोर चालत नाही. पीळ दिलेला दोर ताण बसला की उलगडू पाहतो, शंभर मीटर खाली गेलेला हूक-ब्लॉक गरगर फिरू लागतो आणि दोन्ही पदर एकमेकांत गुंततात. म्हणून न फिरणारा दोर लागतो. त्यात आतल्या थरांचा पीळ एका दिशेने आणि बाहेरच्या थराचा उलट दिशेने असतो, त्यामुळे दोघांचे फिरण्याचे कल एकमेकांना मारतात. सातसात तारांचे पस्तीस पदर असलेला दोर या कामी उत्तम समजला जातो. भारतात रांचीची उषा मार्टिन हे यातलं जुनं नाव आहे, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला आणि ठाणे जिल्ह्यात आटगावला भारत वायर रोप्सचे कारखाने आहेत.

अशा दोराची गोम ही की तो आतून तुटू लागतो. बाहेरचा आणि आतला थर एकमेकांवर आडवे घासतात आणि बाहेरून दोर चकचकीत दिसत असताना आतल्या तारा तुटत असतात. म्हणून नुसतं बघून भागत नाही, मोजावं लागतं. आयएसओ ४३०९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार न फिरणाऱ्या दोराचा व्यास सरसकट पाच टक्क्यांनी घटला की तो काढून टाकायचा. सोळा मिलिमीटरच्या दोरात ही घट आठ दशांश मिलिमीटरची होते. ती डोळ्याला दिसणार नाही. रुंद जबड्याचा वर्निअर दोन समोरासमोरच्या पदरांच्या उंचवट्यांवर धरायचा, त्याच जागी काटकोनात पुन्हा मोजायचं आणि आकडा लिहायचा. खाचेत वर्निअर बसला तर माप चुकतं. आणि घट मोजायची ती दोर नवा असताना घेतलेल्या मापापासून. नवा दोर छापील मापापेक्षा किंचित जाड असतो. दोर चढवला त्या दिवशीचं माप वहीत नसेल तर वर्षाने कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी दोर किती झिजला हे कळणार नाही.

ड्रमवरही दोराचं बरंच नुकसान होतं. दोर चार-पाच थरांत गुंडाळलेला असतो. इमारत खाली असते तोवर खालचे थर कित्येक महिने उलगडतच नाहीत. नवा दोर चढवताना तो ताण देऊन गुंडाळला नाही तर हे थर सैल राहतात. मग एखादा जड भार आला की वरचा दोर खालच्या थरात रुततो, चेपतो आणि दोर पिंजऱ्यासारखा फुगतो. ड्रमवर समांतर खाचा आणि एका थरातून दुसऱ्यात जाण्यासाठी ठरावीक वळण देणारी लेबस पद्धत यासाठीच वापरतात. पण खाच कितीही चांगली असली तरी ताण न देता गुंडाळलेल्या दोराला ती वाचवू शकत नाही. दोर घाईघाईने चढवून संध्याकाळी क्रेन चालू करायची, ही साइटवरची रीत मला सर्वांत महागडी वाटते.

पोलादी दोराला पर्याय येतो आहे. लीबहेरने ऑस्ट्रियाच्या टॉयफेलबर्गर या दोर बनवणाऱ्या कंपनीबरोबर उच्च ताकदीच्या कृत्रिम तंतूंचा दोर विकसित केला आणि २०१९ मध्ये म्युनिकच्या बाउमा प्रदर्शनात त्यावर चालणाऱ्या क्रेन मांडल्या. हा दोर पोलादी दोराच्या पाचव्या हिश्श्याइतक्या वजनाचा आहे. कंपनी त्याचं आयुष्य चौपट सांगते. वरचं आवरण झिजलं की आतला लाल रंग दिसू लागतो आणि दोर बदलायची वेळ झाल्याचं कळतं. तेल-ग्रीस लागत नाही. लटकणाऱ्या दोराचं वजन कमी झालं की तेवढाच जास्त माल उचलता येतो, त्यामुळे उंच इमारतींना याचा उपयोग उघड आहे. आपल्याकडचं ऊन, सिमेंटची धूळ आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांत तो किती टिकतो हे पाहूनच मात्र त्याच्याकडे वळावं.

सगळेच होइस्ट विजेचे नसतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मूळ जुळे मनोरे साठच्या दशकाअखेरीस उभे राहू लागले ते ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ‘कांगारू’ क्रेननी. त्यांचे होइस्ट डिझेल इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिक मोटरचे होते. अतिउंच पोलादी सांगाड्याच्या कामात जड तुळया खूप वेगाने, शेकडो मीटर वर न्यायच्या असतात. तिथे वीजजोडणीवर अवलंबून न राहणारं इंजिन सोयीचं पडतं. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफावरही याच घराण्यातल्या क्रेन होत्या. आपल्याकडच्या काँक्रीटच्या इमारतींना याची गरज क्वचितच पडते. शिवाय उंचावर काँक्रीट आता बहुतेक पंपानेच चढतं आणि होइस्टकडे सळई, शटरिंग, प्रीकास्ट भाग ही कामं उरतात.

हूक वरच्या टोकाला आदळू नये म्हणून मर्यादा-स्विच, ड्रमवर शेवटचे दोन-तीन फेरे कायम राहावेत म्हणून खालचा स्विच, जादा भार आणि जादा आघूर्ण ओळखून होइस्ट बंद करणारी साधनं, हूकवरचा कॅमेरा, ही सगळी आज नव्या क्रेनवर असतात. त्यांच्याविषयी एकच सांगायचं आहे. यातलं कुठलंही साधन तारेचा तुकडा घालून बंद पाडलेलं आढळलं तर ती क्रेन त्याच क्षणी थांबवावी. ‘एवढा एक लोड घेऊ’ या वाक्याने घडलेले अपघात पुष्कळ आहेत.

अपघातांबाबत प्रामाणिक राहायचं तर टॉवर क्रेनच्या सर्वांत मोठ्या दुर्घटना होइस्टमुळे झालेल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १५ मार्च २००८ ला क्रेन उंच करताना पट्टे तुटले आणि ७ जण गेले. सिअ‍ॅटलमध्ये २७ एप्रिल २०१९ ला क्रेन उतरवताना पिना वेळेआधी काढल्याने ४ जण गेले. क्रेन उभारणं आणि उतरवणं हीच सर्वांत घातक वेळ, हे जगभरच्या अनुभवाने दाखवलं आहे. होइस्टचे अपघात आकाराने लहान असतात. सळयांचा बंडल सुटतो, बकेट घसरते, एक खलाशी जातो, आणि बातमी आतल्या पानावर येते. दोर, ड्रम, ब्रेक यांच्याकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत केवढी असते याची आठवण ठेवायला ठाण्याची घटना पुरेशी आहे. बाळकुम भागात १० सप्टेंबर २०२३ ला चाळीस मजली इमारतीची कामावरची लिफ्ट कोसळली आणि ७ कामगार मेले. ती टॉवर क्रेन नव्हती, पण उचलयंत्रणाच होती.

कायद्याची चौकट आपल्याकडे अनेक वर्षं आहे. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी उचलयंत्रांवर बंधनं घातली आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये आपले नियम केले. उचलयंत्र पहिल्यांदा वापरण्याआधी, मोठ्या दुरुस्तीनंतर आणि दर पाच वर्षांनी भार लावून तपासायचं, वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून त्याची कसून पाहणी करून घ्यायची, असा या केंद्रीय नियमांचा आशय. वीस टनांपर्यंतच्या यंत्राची चाचणी क्षमतेपेक्षा पंचवीस टक्के जास्त भाराने घ्यावी लागते. नियम वाईट नाहीत. अडचण ही की प्रमाणपत्र क्रेनला मिळतं आणि त्यानंतर दोर, ब्रेक, ड्रम रोज झिजत राहतात. वर्षाच्या एका कागदाने रोजची वही भरून निघत नाही. क्रेन एका साइटवरून दुसरीकडे जाते, मालक बदलतो, होइस्ट एका क्रेनवरून दुसरीवर चढतो आणि त्याचा इतिहास मागे राहतो. दोराला, ब्रेकला आणि गिअरबॉक्सला स्वतःची नोंदवही असावी आणि ती यंत्राबरोबर फिरावी, एवढा बदल झाला तरी बरंच साधेल असं मला ठामपणे वाटतं.

क्रेन भाड्याने घेणारे ठेकेदार, प्रकल्प अभियंते आणि पुनर्विकासात आपली इमारत उभी राहताना पाहणाऱ्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही माझं एक सांगणं आहे. टन आणि मीटर विचारून झालं की आणखी चार गोष्टी विचारा. आमच्या शेवटच्या मजल्याच्या उंचीला किती फॉलवर किती टन मिळतील? दोर कधी चढवला, तेव्हाचं माप काय होतं, आज किती आहे? ब्रेकची भार लावून परीक्षा शेवटची कधी घेतली? ऑपरेटर आणि सिग्नलमन कोण, आणि ते याच होइस्टवर आधी बसले आहेत का? या चारांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर ती क्रेन घेऊ नका.